गाडीची इंधननळी आणि फिल्टरचे जोड: गळती, एअर आणि अर्धवट बसलेले लॉक

फिल्टर बदलून गाडी घरी आणली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पार्किंगमध्ये पेट्रोलचा वास येऊ लागला, किंवा रात्रभर उभी राहिलेली डिझेलची गाडी पुन्हापुन्हा सेल्फ मारल्याशिवाय सुरू होईना, तर बहुतेक वेळा दोष नव्या फिल्टरमध्ये नसतो; तो फिल्टरच्या दोन्ही टोकांना असलेल्या जोडांत असतो. टाकीपासून इंजिनापर्यंत जाणारी नळी अखंड नसते. पंपाच्या तोंडाशी एक जोड, फिल्टरच्या अलीकडे एक, पलीकडे एक, पोलादी नळीला रबरी होज मिळतो तिथे आणखी एक आणि शेवटी इंजेक्टरच्या रेलवर, म्हणजे सर्व इंजेक्टरना इंधन वाटणाऱ्या नळीवर, एक, अशी ती तुकड्यातुकड्यांनी जोडलेली असते, आणि काम करताना हात लागतो तो या जोडांनाच. म्हणून या कामाला प्रथमच हात घालणाऱ्याने ‘फिल्टर बदलणे’ एवढेच काम डोळ्यांसमोर न ठेवता, जोड न दुखावता सोडवणे आणि तो पुन्हा पूर्ण बसला आहे याची खात्री करणे, हेच मुख्य काम मानावे. फिल्टर बदलायला पंधरा मिनिटे लागतात. ती खात्री करायला तेवढाच वेळ आणखी द्यावा लागतो, आणि तो द्यावाच.

आपल्या गाडीत काय आहे ते आधी पाहावे

सर्वप्रथम गाडीची पुस्तिका उघडावी. जुन्या मारुती ८०० किंवा अल्टोसारख्या एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने इंधन देणाऱ्या) पेट्रोल गाड्यांत फिल्टर गाडीच्या पोटाखाली, टाकीजवळ वेगळा बसवलेला असतो आणि तो घरी बदलता येतो. अलीकडच्या अनेक पेट्रोल गाड्यांत मात्र फिल्टर टाकीतच, पंपाच्या संचाचा भाग म्हणून असतो. तिथे पोहोचण्यासाठी मागची सीट उचलावी लागते किंवा टाकी उतरवावी लागते, आणि ते काम नवशिक्याने करू नये. डिझेल गाड्यांत फिल्टर बहुधा बोनेटखाली सहज दिसतो आणि त्याच्या तळाला पाणी काढण्याचा स्क्रू असतो.

यानंतर दाब लक्षात घ्यावा, कारण कोणता होज आणि तो आवळणारा कोणता क्लॅम्प चालेल हे त्यावरच ठरते. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत इंधनाचा दाब पाव बारच्या आसपास, म्हणजे अगदीच किरकोळ असतो. एमपीएफआय पेट्रोल गाडीत तो साधारण ३ ते ४ बार, म्हणजे टायरमधल्या हवेच्या जवळजवळ दीडपट असतो, आणि इंजिन बंद केल्यावरही बराच वेळ नळीत टिकून राहतो. कॉमन रेल डिझेलमध्ये टाकीपासून मुख्य पंपापर्यंतची बाजू कमी दाबाची असते, पण पंपानंतरच्या पोलादी नळ्यांत १,६०० बार आणि काही इंजिनांत त्याहून अधिक दाब असतो. या लेखातील सर्व सूचना कमी दाबाच्या बाजूपुरत्या आहेत. मुख्य पंपापासून रेलकडे आणि रेलपासून इंजेक्टरकडे जाणाऱ्या नळ्यांच्या नटांना घरी पाना लावू नये. त्यातून सुटणारी बारीक धार कातडी भेदून आत शिरते. बाहेरून टाचणी टोचल्याएवढीच खूण दिसली तरी आतले नुकसान गंभीर असते, आणि अशा वेळी वेदना कितीही कमी असल्या तरी थेट रुग्णालय गाठून डॉक्टरांना ‘दाबाचे डिझेल आत शिरले आहे’ असे स्पष्ट सांगावे लागते. पेट्रोल इंधन थेट सिलिंडरमध्ये सोडणारी जीडीआय इंजिने आणि सीएनजीच्या नळ्या यांनाही हाच नियम लागू आहे. सीएनजीची टाकी २०० बारपर्यंत भरलेली असते. तिच्या नळीचा जोड अधिकृत केंद्राबाहेर सैल करू नये.

कामाची जागा आणि दाब उतरवणे

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि खोलगट जागेत साचून राहते. त्यामुळे इमारतीच्या तळघरातील पार्किंग किंवा गॅरेजमधला खड्डा या दोन्ही जागा या कामाला वाईट. उघड्यावर, सपाट जमिनीवर, सावलीत आणि इंजिन पूर्ण थंड झाल्यावर काम करावे. जवळ पूजेचा दिवा, गॅसची शेगडी, ग्राइंडर किंवा वेल्डिंग चालू नसावे. उजेडासाठी तारेचा जुना बल्ब घेऊ नये, कारण तो फुटला किंवा त्याच्या तापलेल्या काचेवर पेट्रोलचा थेंब पडला तर ठिणगी पुरेशी होते. एलईडीची बॅटरी घ्यावी. पावडरचे एबीसी प्रकारचे अग्निशामक हाताशी असावे, आणि पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतायचे नाही हे मदतीला असलेल्या व्यक्तीलाही आधीच सांगून ठेवावे. डोळ्यांवर चष्मा आणि हातात नायट्राइलचे मोजे हवेत. तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास दिसते. ती पूर्णपणे टाळावी, कारण पेट्रोल थोडेसे जरी फुप्फुसात उतरले तरी जिवावर बेतू शकते.

गाडीखाली जायचे असेल तर नुसत्या जॅकवर विसंबू नये. गाडी घोडीवर (जॅक स्टँडवर) टेकवावी, जमिनीवर असलेल्या चाकांना पुढून-मागून ठोकळ्यांची ओट द्यावी आणि मगच आत शिरावे. टाकी पाव किंवा त्याहून कमी भरलेली असताना काम ठेवले तर सोपे जाते; टाकी भरलेली असली आणि फिल्टर तिच्या पातळीखाली असला की जोड सोडल्यानंतर इंधन आपोआप वाहत राहते आणि हातात फडके धरून धावपळ करावी लागते.

आता दाब उतरवायचा. टाकीचे झाकण उघडून आतली वाफ जाऊ द्यावी आणि ते परत लावावे. फ्यूजच्या डबीत इंधनपंपाचा फ्यूज किंवा रिले शोधावा. त्याची जागा झाकणाच्या आतल्या चित्रात दिलेली असते. तो काढून गाडी सुरू करावी. नळीत उरलेल्या इंधनावर इंजिन थोडा वेळ चालेल आणि आपोआप बंद पडेल. त्यानंतर दोन-तीन सेकंद सेल्फ मारून उरलासुरला दाबही संपवावा, किल्ली काढावी आणि बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवून बाजूला बांधून ठेवावी. एवढे करूनही पहिला जोड उघडताना थोडे इंधन बाहेर येतेच, म्हणून जोडाभोवती सुती फडके गुंडाळून, खाली पत्र्याचे भांडे ठेवून, चेहरा बाजूला ठेवूनच तो सोडावा.

गळती नेमकी कुठे आहे

मात्र दाब उतरवून जोड उघडण्याआधी, फ्यूज आणि बॅटरीची तार जागेवर असतानाच, गळती शोधावी, कारण सगळे सुटे करून पुन्हा जोडल्यावर मूळ दोष कोठे होता याचा पुरावा उरत नाही. पेट्रोल लवकर उडून जाते, त्यामुळे ओल दिसेलच असे नाही. पण ते जाताना मागे खूण ठेवते: जिथून पेट्रोल झिरपत असते तिथली धूळ एक तर धुऊन गेलेली असते किंवा तिथे तांबूस-पिवळा डाग पडलेला असतो. डिझेलचे उलटे आहे. ते उडत नाही, त्यामुळे जोडाभोवती धूळ चिकटून काळा, मऊ थर जमतो. हे थर पुसण्यापूर्वी मोबाइलने फोटो काढून ठेवावा.

संशयित जागा कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून घ्याव्यात. मग मदतनीसाला किल्ली ‘ऑन’ करायला सांगावे, पण सेल्फ मारायला नाही. एमपीएफआय गाडीत पंप साधारण दोन सेकंद फिरतो आणि नळीत दाब भरतो. त्याच वेळी प्रत्येक जोडाखाली पांढरा कागद धरून पाहावे. डोळ्यांना न दिसणारा थेंब कागदावर लगेच उमटतो. काही गळत्या फक्त थंड असताना होतात, कारण ओरिंग (जोडातली गोल रबरी कडी) थंडीत आकसते आणि इंजिन तापले की फुगून पुन्हा बसते. सकाळी वास येतो आणि दुपारी येत नाही, अशी तक्रार असेल तर तपासणी पहाटेच करावी.

नळीच्या मधल्या भागाकडेही लक्ष द्यावे. कोकणात आणि गोव्यात खारट हवा आणि पावसाळ्यातला चिखल यांमुळे पोलादी नळी बहुधा जिथे ती पत्र्याच्या पकडीत बसते तिथेच, म्हणजे नजरेआड, गंजते. उंदीर हे दुसरे कारण. पावसाळ्यात ते बोनेटखाली आसरा घेतात आणि रबरी होज, नायलॉनची नळी, वायर काहीही कुरतडतात. दातांच्या समांतर खुणा दिसल्या की छिद्र पडलेले नसले तरी तो तुकडा बदलावा.

रबरी होज आणि क्लॅम्प

होज हा दिसायला साधा भाग असल्यामुळे इथेच सर्वाधिक तडजोडी होतात. दुकानात मीटरवर मिळणारा काळा होज सगळा सारखाच दिसतो, पण त्याच्या अंगावर छापलेली अक्षरे वाचावीत. ‘एसएई ३० आर ७’ असे लिहिलेला होज सुमारे ३.५ बारपर्यंतच्या कामाचा, म्हणजे कार्ब्युरेटरच्या गाडीचा किंवा कमी दाबाच्या परतीच्या नळीचा असतो. एमपीएफआयच्या दाबाच्या बाजूला ‘३० आर ९’ लागतो, जो साधारण ७ बारपर्यंत चालतो आणि ज्याचा आतला थर इंधनाला अधिक टिकाऊ असतो. काहीच छापलेले नसेल तर तो होज घेऊ नये. पाण्याचा, हवेचा किंवा गॅसच्या शेगडीचा होज इथे तात्पुरताही लावू नये.

इथे इथेनॉलचा विचार करणे भाग आहे. २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल भारतात फेब्रुवारी २०२३ पासून काही पंपांवर मिळू लागले आणि २०२५ पर्यंत ते बहुतेक ठिकाणी नेहमीचेच पेट्रोल झाले. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांत इंधनाशी संबंध येणारे भाग त्याला टिकतील असे वापरले जातात. त्याआधीच्या, विशेषतः बऱ्याच जुन्या गाड्यांत मात्र रबरी होज आणि ओरिंग या मिश्रणासाठी बनवलेले असतीलच असे नाही. इथेनॉलमुळे काही जातींचे रबर फुगते, मऊ पडते आणि नंतर सुकून तडकते. शिवाय ते पाणी शोषून घेते आणि टाकीत वर्षानुवर्षे चिकटलेला मळ सोडवून फिल्टरकडे पाठवते. म्हणून जुन्या गाडीचा फिल्टर बदलताना दोन्ही बाजूंचे आखूड होजही त्याच वेळी बदलावेत, ही माझी आग्रहाची शिफारस आहे. त्यांचा खर्च फिल्टरच्या मानाने किरकोळ असतो. सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांचे मालक याबाबतीत सर्वाधिक गाफील राहतात. पेट्रोल फक्त गाडी सुरू होण्यापुरते वापरले जाते, तेच पेट्रोल महिनोन्‌महिने टाकीत पडून राहते, आणि पेट्रोलच्या नळीकडे कोणी पाहतही नाही.

जुना होज निपलवर, म्हणजे तो ज्यावर चढवतात त्या तोंडावर, चिकटून बसलेला असतो. तो पकडीने खेचून काढू नये, कारण निपल प्लॅस्टिकचे असेल तर ते मुळापासून तुटते. बदलायचाच आहे तर होजला लांबीच्या दिशेने ब्लेडने चीर द्यावी आणि तो साल काढल्यासारखा सोलून घ्यावा. मात्र ब्लेड निपलपर्यंत खोल जाऊ देऊ नये, तिथे पडलेला ओरखडा पुढे गळतीची वाट ठरतो. नवा होज धारदार ब्लेडने काटकोनात कापावा. त्याचा आतला व्यास निपलला बरोबर जुळणारा असावा. सैल होज क्लॅम्पने आवळून बसवणे आणि अरुंद होज गरम करून ताणून बसवणे, दोन्ही चूक. होज निपलवर साधारण २५ मिलिमीटर चढला पाहिजे आणि निपलवरचा उंचवटा ओलांडून पुढे गेला पाहिजे. क्लॅम्पची जागा त्या उंचवट्याच्या पलीकडे, होजच्या टोकापासून तीन-चार मिलिमीटर आत. उंचवट्यावरच क्लॅम्प आवळला तर तो एकाच रेषेवर टेकतो आणि होज हळूहळू घसरतो.

क्लॅम्पबद्दलही नीट पाहून घ्यावे. बाजारात सगळीकडे मिळणाऱ्या पट्टीच्या क्लॅम्पला आरपार खाचा असतात. स्क्रू आवळताना त्या खाचांच्या धारा रबरात रुततात आणि होजचा वरचा थर कापला जातो. असा क्लॅम्प काढून होज वाकवून पाहिला तर रबरावर पायऱ्यांसारख्या बारीक चिरा आणि त्यांतून डोकावणारे पांढरे धागे स्पष्ट दिसतात. इंधनासाठीच्या क्लॅम्पची पट्टी आतून गुळगुळीत आणि कडा बाहेर वळवलेल्या असतात, आणि त्याचा बोल्ट घट्ट केल्यावर दाब चारी बाजूंनी सारखा पडतो. तोच घ्यावा. ‘अजून एक फेरा’ म्हणून आवळत राहू नये. होजचे रबर क्लॅम्पच्या कडांमधून फुगून वर येऊ लागले की ते जास्त झाले असे समजावे. कंपनीने स्प्रिंगचा क्लॅम्प दिला असेल आणि त्याचा ताण शाबूत असेल तर तोच परत लावणे उत्तम.

क्विक कनेक्टर

गेल्या दोन दशकांतल्या बहुतेक गाड्यांत फिल्टरवर क्लॅम्प नसून प्लॅस्टिकचे क्विक कनेक्टर असतात, आणि नवशिक्यांचे सर्वाधिक नुकसान इथेच होते. आतली रचना समजली तर हात आपोआप योग्य पडतो. फिल्टरच्या नळीवर, टोकापासून थोड्या अंतरावर, एक गोल उंचवटा असतो. कनेक्टरच्या पोटात पुढे एक किंवा दोन ओरिंग आणि मागे प्लॅस्टिकचे लॉक असते. नळी आत ढकलली की आधी तिचे टोक ओरिंगमध्ये शिरते, आणि मग उंचवटा लॉकच्या पाकळ्या ओलांडून पुढे जातो व पाकळ्या त्याच्यामागे मिटतात. म्हणजे गळती थांबवणे हे ओरिंगचे काम आणि नळी बाहेर येऊ न देणे हे लॉकचे काम. नळी ओरिंगपर्यंत पोहोचली पण लॉक लागले नाही, तर गाडी सुरू होते, एक थेंबही गळत नाही, आणि मग एखाद्या खड्ड्यात किंवा घाटाच्या चढावर जोड अचानक निसटतो व तीन-चार बारच्या दाबाने पेट्रोल गरम सायलेन्सरच्या नळीजवळ उडते. अर्धवट बसलेला जोड हा या कामातला सर्वांत मोठा धोका आहे तो यामुळेच.

सोडवताना पुढील क्रम पाळावा. कनेक्टरभोवतीची माती आधी पाण्याने किंवा हवेच्या झोताने पूर्ण काढून टाकावी, कारण वाळूचा एक कण पाकळीखाली अडकला तरी लॉक उघडत नाही आणि तोच कण पुढे ओरिंगवर ओरखडा काढतो. त्यानंतर लॉकचा प्रकार ओळखावा: दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबायचे कान, एका बाजूचे बटण, बाहेर सरकणारी कडी, किंवा आत गोल साधन सरकवून उघडायचे लॉक. शेवटच्या प्रकारासाठी प्लॅस्टिकच्या कड्यांचा संच मिळतो. नळीचे सर्वाधिक आढळणारे बाह्य व्यास ७.८९ आणि ९.४९ मिलिमीटर आहेत, त्यानुसार कडी निवडावी. आता मुख्य गोष्ट. लॉक दाबण्याआधी कनेक्टर फिल्टरकडे आत ढकलावा. त्यामुळे पाकळ्यांवरचा ताण जातो. मग लॉक दाबून ठेवून, कनेक्टर थोडा डावी-उजवीकडे फिरवत सरळ रेषेत बाहेर ओढावा. चिकटलेली ओरिंग या फिरवण्याने सुटते. वाकडे ओढू नये, आणि स्क्रू ड्रायव्हरने कान उचकटू तर अजिबात नये. इंजिनाच्या उष्णतेने जुने प्लॅस्टिक ठिसूळ झालेले असते आणि कान पटकन तुटतो.

तुटलाच, तर तारेने किंवा केबल टायने बांधून वेळ मारून नेऊ नये. काही गाड्यांना लॉकचा तुकडा सुटा मिळतो, काहींना कनेक्टर मिळतो, आणि काहींना पूर्ण नळीच घ्यावी लागते. नायलॉनची नळी कापून त्यात रबरी होज घालून दोन्हीकडे क्लॅम्प लावण्याचा जो तोडगा रस्त्याकडेला सुचवला जातो, तो दाबाच्या बाजूला धोकादायक आहे; नायलॉनची नळी गुळगुळीत असते, तिला उंचवटा नसतो आणि दाब आल्यावर होज तिच्यावरून सरकतो. तसेच गंजलेल्या पोलादी नळीच्या जागी तांब्याची नळी बसवू नये. तांबे कंपनांनी कडक होऊन तडकते, आणि त्याच्या संपर्कात इंधनात चिकट साका लवकर तयार होतो.

नवा फिल्टर बसवणे आणि तपासणे

जुना फिल्टर काढण्यापूर्वी त्याच्यावरचा बाण कोणत्या दिशेला आहे ते पाहून ठेवावे. बाणाचे टोक इंजिनाकडे असते. उलटा बसवलेला फिल्टर काही दिवस चालतो, पण ज्या दिशेने मळ अडवायचा ती बाजूच उलटी झाल्यामुळे गाडी हळूहळू चढावर दम टाकू लागते. धातूच्या काही फिल्टरना अर्थिंगची लहान तार किंवा पट्टी असते, कारण वाहत्या इंधनामुळे स्थिर वीज साठते. ती तार परत जोडायला विसरू नये. काही गाड्यांत बँजो बोल्टचा, म्हणजे आतून इंधन जाणाऱ्या पोकळ बोल्टचा, जोड असतो. तिथे बोल्टच्या दोन्ही बाजूंचे तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे वायसर दर वेळी नवे घालावेत, कारण ते एकदाच दबून बसण्यासाठी असतात. बोल्ट आवळताना फिल्टरची बाजू दुसऱ्या पान्याने धरून ठेवावी, नाहीतर फिल्टरचे तोंडच पिळले जाते. आटे मेलेले दिसले तर टेफ्लॉन टेप किंवा सीलंट लावून चालढकल करू नये. त्या टेपचे सुटलेले धागे थेट इंजेक्टरपर्यंत जातात.

क्विक कनेक्टर बसवताना नळीचे टोक स्वच्छ पुसून त्यावर स्वच्छ इंजिन ऑइलचा एक थेंब बोटाने फिरवावा. ग्रीस नको. कनेक्टर सरळ रेषेत, ‘कट्’ असा आवाज येईपर्यंत ढकलावा. मग लॉक न दाबता तो जोरात मागे ओढून पाहावा. आवाज फसवू शकतो, ओढून पाहणे फसवत नाही. त्यानंतर बॅटरीच्या उजेडात लॉकचे दोन्ही कान समान उंचीवर आले आहेत का, बटण पूर्ण वर आले आहे का, कडी तिच्या खाचेत बसली आहे का, हे पाहावे. जुन्या नळीवर कनेक्टर पूर्वी कुठपर्यंत होता त्याची मळाची रेघ दिसते. नळी पुसण्याआधी तिथे मार्करने खूण केली असेल, तर या वेळीही कनेक्टर त्या खुणेपर्यंत पोहोचला की नाही हे लगेच कळते.

सगळे जोडून झाल्यावर फ्यूज आणि बॅटरीची तार लावावी. किल्ली दोन-तीन सेकंद ‘ऑन’ करून बंद करावी आणि हे चार-पाच वेळा करावे, म्हणजे रिकामा फिल्टर भरतो आणि नळीत दाब येतो. इंजिन सुरू करण्यापूर्वीच जोडांखाली कागद धरून पाहावे. कोरडे असेल तरच सेल्फ मारावा. इंजिन दहा मिनिटे चालू ठेवून, मधूनमधून रेस देऊन पुन्हा पाहावे. मात्र चालू इंजिनाखाली हात घालून जोड चाचपू नये. गळती दिसली तर चालू इंजिनावर क्लॅम्प आवळण्याचा मोह टाळून किल्ली बंद करावी, दाब उतरवावा आणि तो जोड पुन्हा पहिल्यापासून करावा.

डिझेल गाडी एअर घेते तेव्हा

डिझेलची तक्रार वेगळी असते आणि म्हणूनच ती नवशिक्याला चकवते. टाकीत विजेचा पंप नसलेल्या अनेक डिझेल इंजिनांत मुख्य पंप स्वतःच डिझेल ओढून घेतो, म्हणजे फिल्टरच्या बाजूला दाब नसून खेच असते. तिथला जोड सैल असेल तर डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. खाली एक थेंब पडत नाही, पण गाडी सकाळी सुरू व्हायला त्रास देते, चालताना झटके देते किंवा सिग्नलला बंद पडते. रात्री गाडी तोंड वर करून चढावर लावली की त्रास वाढतो, कारण सैल जोडातून हवा शिरते आणि नळीतले डिझेल मागे टाकीकडे उतरते. तीच गाडी तोंड खाली करून लावल्यावर सकाळी एका सेल्फमध्ये सुरू झाली, तर इंजेक्टर काढण्याचा खर्च करण्याआधी जोड तपासावेत.

तपासणीसाठी फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये थोडा वेळ पारदर्शक होजचा तुकडा घालावा आणि इंजिन आयडलला ठेवून त्यातून बुडबुडे जातात का ते पाहावे. सुरुवातीचे काही बुडबुडे नेहमीचेच. ते थांबत नसतील तर हवा या तुकड्याच्या अलीकडून, म्हणजे फिल्टर किंवा टाकीच्या बाजूने येते आहे. मग तो तुकडा फिल्टरच्या आधी, टाकीच्या बाजूला लावावा. तिथे बुडबुडे नसतील तर दोष खुद्द फिल्टरमध्ये किंवा त्याच्या जोडांत आहे: झाकणाखालची पिळलेली ओरिंग, न बदलता वापरलेली जुनी ओरिंग, किंवा तळाचा पाणी काढण्याचा स्क्रू, जो बहुतेक जण तपासायला विसरतात. तपासणी संपली की पारदर्शक होज काढून टाकावा. तो उष्णतेने लवकर कडक होतो.

एअर काढण्यासाठी ज्या गाडीला हातपंप आहे, तिथे तो हाताला कडक लागेपर्यंत दाबावा. विजेचा पंप असेल तर किल्ली चालू-बंद करावी. कॉमन रेल गाडीत नवा फिल्टर कॅनमधल्या डिझेलने वरून भरू नये, कारण न गाळलेले डिझेल स्वच्छ बाजूला शिरू शकते. सलग दहा सेकंदांहून अधिक सेल्फ मारू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये अर्धा मिनिट थांबावे. यात बॅटरी आणि सेल्फ यांच्याइतकाच मुख्य पंपाचाही प्रश्न आहे, कारण त्याला वंगण मिळते ते डिझेलनेच, आणि कोरडा फिरला तर तो झिजतो. सांडलेले डिझेल लगेच पुसावे. ते इंजिनाच्या रबरी माउंटिंगवर, पाण्याच्या होजवर किंवा टायमिंग बेल्टवर राहिले तर त्यांचे आयुष्य कमी करते.

फिल्टरच्या तळाच्या स्क्रूतून निघालेले पाणी काचेच्या बरणीत घेऊन थोडा वेळ स्थिर ठेवावे. पाणी खाली आणि डिझेल वर असे वेगळे थर दिसतात. प्रत्येक वेळी बरेच पाणी निघत असेल तर ते टाकीतून येते आहे. अशा वेळी फिल्टर बदलत राहण्यापेक्षा टाकी साफ करून घ्यावी आणि झाकणाचे रबर पाहावे.

गॅरेजकडे कधी जावे

टाकी उतरवावी लागत असेल, पोलादी नळी ठिकठिकाणी गंजलेली असेल, गाडी वॉरंटीत असेल, किंवा दोनदा नीट बसवूनही तोच जोड गळत असेल, तर इथे थांबावे. गळती चालू असताना गाडी स्वतः चालवत गॅरेजला नेऊ नये. ओढून न्यावी किंवा मेकॅनिकला जागेवर बोलवावे. रस्त्यात अचानक पेट्रोलचा तीव्र वास आला तर गाडी बाजूला घेऊन किल्ली बंद करावी, सर्वांना उतरवून लांब उभे करावे. बोनेटखालून धूर येत असेल तर बोनेट उघडू नये, कारण मोकळी हवा मिळताच आग भडकते. ११२ किंवा १०१ वर फोन करावा.

काढलेला जुना फिल्टर उघड्यावर, भांड्यात पालथा ठेवून निथळू द्यावा. त्यातले पेट्रोल गटारात किंवा मातीत ओतू नये. ते धातूच्या, झाकण असलेल्या डब्यात भरून, फिल्टरसकट गॅरेजमध्ये द्यावे. बहुतेक गॅरेजवाले टाकाऊ तेलाबरोबर ते स्वीकारतात. नव्या फिल्टरच्या अंगावर तारीख आणि किलोमीटरचा आकडा मार्करने लिहावा. पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरनंतर सगळे जोड पुन्हा एकदा कागद धरून तपासावेत आणि नवे क्लॅम्प लावले असतील तर ते पान्याने हलकेच पाहून घ्यावेत, कारण नवे रबर सुरुवातीला थोडे दबते आणि पहिल्या दिवशी घट्ट वाटलेला क्लॅम्प तेवढ्यात किंचित सैल झालेला असतो.